डबल क्लचचा हिशेब

ट्रकचा क्लच मुळात गिअर बदलण्यासाठी नाही, उभी गाडी उठवण्यासाठी आहे. वाफेचं इंजिन जागेवरून जोर लावू शकतं. डिझेल इंजिनाला ते जमत नाही. ते मिनिटाला पाच-सहाशे फेऱ्यांनी तरी फिरत राहिलं पाहिजे, नाहीतर बंद पडतं. फिरतं इंजिन आणि थांबलेली चाकं यांची गाठ अलगद घालून द्यायला मधे कोणीतरी लागतं, ते काम क्लचचं. एकदा गाडी चालू लागली की गिअर काढायला फक्त दातांवरचा ताण उतरावा लागतो, आणि तो ॲक्सिलरेटर नेमका सैल केला तरी उतरतो. खरा प्रश्न पुढचा गिअर टाकण्याचा असतो. त्यासाठी एकमेकांत गुंतणारे दोन भाग एकाच वेगाने फिरत असावे लागतात. धावती लोकल पकडणारा जसा आधी फलाटावर गाडीच्या वेगाने पळतो आणि मग दांडीला हात घालतो, तसंच हे आहे. वेग जुळला तर क्लच दाबला काय आणि न दाबला काय, गिअर लोण्यासारखा पडतो. न जुळला तर क्लच तळापर्यंत दाबूनही पेटीतून खरखर ऐकू येते. त्यामुळे बिनक्लचचा गिअर टाकणारा ड्रायव्हर एक तर उस्ताद नाहीतर गाडीची वाट लावणारा, ही दोन्ही मतं अपुरी आहेत. गेल्या सव्वाशे वर्षांत वेग जुळवण्याचं काम कधी माणसाने केलं, कधी पितळी कड्याने, तर कधी संगणकाने. ते कोणी करायचं हे मात्र बहुतेक वेळा गाडी चालवणाऱ्याला न विचारता ठरलं. ज्याच्या खिशातून गाडीचे पैसे गेले, त्याने ते ठरवलं.

हे काम किती बारीक आहे ते एका चढावर पाहता येतं. पाच गिअरची, सिंक्रोमेश म्हणजे वेग आपोआप जुळवणारी सोय नसलेली जुनी पेटी घेऊ. भरलेली गाडी चौथ्यात घाट चढते आहे, इंजिन दबत दबत १,४०० फेऱ्यांवर आलं आहे, आता तिसरा टाकायला हवा. दोन गिअरांतलं प्रमाण दीडपट धरलं, तर त्याच वेगाला तिसऱ्यात इंजिनाचे २,१०० फेरे हवेत. ड्रायव्हर क्लच दाबतो, गिअर न्यूट्रलला आणतो, क्लच सोडतो, न्यूट्रलमध्येच रेस देऊन इंजिन २,१०० च्या आसपास नेतो, पुन्हा क्लच दाबतो आणि तिसरा टाकतो. हाच डबल क्लच. मधे क्लच सोडायचा, कारण न्यूट्रलमध्ये क्लच जोडलेला असेल तरच रेस दिल्यावर पेटीच्या आतली दातेरी चाकं इंजिनाबरोबर वेग घेतात. नुसतं इंजिन ओरडवून उपयोग नसतो. हे सगळं सेकंद-दीड सेकंदात उरकावं लागतं, कारण चढावर गाडीचा वेग प्रत्येक क्षणी उतरत असतो आणि २,१०० हा आकडा पाहता पाहता १,९०० होतो. जुन्या ट्रकांत फेरे दाखवणारा काटा नसायचा, म्हणजे हा सगळा हिशेब कानाने करायचा. चुकला तर तिसरा पडत नाही, चौथा परत लागत नाही, गाडी घाटात उभी राहते आणि क्लीनर दगड घेऊन मागच्या चाकाकडे धावतो. बिनक्लचच्या पद्धतीत यातले क्लचचे दोन्ही दाब गाळले जातात, बाकी हिशेब तोच राहतो. ज्याला डबल क्लच नीट येतो, त्याला क्लचशिवाय गिअर टाकणं अर्धं येतच असतं.

सुरुवातीला ही कसरत मोटारवाल्यांनाही होती. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये पानार आणि लेव्हासॉर यांच्या कारखान्याने सरकत्या दातेरी चाकांची पेटी रूढ केली. ही रीत आडदांड आहे पण चालते, असं खुद्द लेव्हासॉर म्हणाल्याचं सांगतात. तो म्हणाला असो वा नसो, वर्णन अचूक आहे. पुढची तीस-पस्तीस वर्षं मोटार असो वा ट्रक, पुष्कळांनी हीच आडदांड पेटी चालवली. मग १९२८ मध्ये कॅडिलॅकने अर्ल थॉम्पसन या अभियंत्याचा सिंक्रोमेश बाजारात आणला. त्यातलं तत्त्व सोपं होतं: दात गुंतण्याआधी एक निमुळतं कडं घासून दोन्ही भागांचे वेग सारखे करतं. कानाचं काम कड्याने घेतलं. ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉलने १९३२ मध्ये हे आणलं, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास चांगल्या मोटारींत, निदान वरच्या गिअरांना, सिंक्रोमेश ही अपेक्षित गोष्ट झाली. ट्रक मात्र जिथल्या तिथे राहिला. मोटार विकत घेणारा स्वतः तिच्यात बसून चालवायचा. शोरूमच्या बाहेर पहिल्याच चौकात गिअर खरखरला तर पत्नीसमोर आणि शेजाऱ्यासमोर लाजायचा तोच. ट्रक विकत घेणारा आपल्या कचेरीत किंवा पेढीवर बसलेला असायचा. खरखर त्याच्या कानापर्यंत पोचत नव्हती, पोचायचं ते गॅरेजचं बिल.

याला जोड म्हणून शहरातली बस पाहावी. १९३० च्या सुमारास इंग्लंडमधल्या डेमलर कंपनीने विल्सनची प्रीसिलेक्टर पेटी द्रव-फ्लायव्हीलसह बसमध्ये आणली, आणि १९३९ पासून लंडनच्या आरटी जातीच्या दुमजली बसगाड्यांत हवेच्या दाबावर चालणारी प्रीसिलेक्टर पेटी आली. पुढचा गिअर आधीच निवडून ठेवायचा आणि वेळ आली की पेडल दाबायचं. वेग जुळवण्याची भानगडच नाही. या गाड्या चालवणारे काही मोटारमालक नव्हते, पगारी नोकरच होते. मग त्यांच्यावरच ही कृपा का? कारण शहरातली बस दर थांब्याला उभी राहते, दिवसाकाठी शेकडो वेळा पहिल्यापासून गिअर चढतात, आणि प्रत्येक खरखरीचा खर्च त्याच संस्थेच्या वर्कशॉपच्या वहीत लिहिला जातो. नोकरी, गाडी आणि दुरुस्ती या तिन्हींचा मालक एकच असला की ड्रायव्हरच्या पायाची काळजी घेणं फायद्याचं ठरतं. लांब पल्ल्याच्या ट्रकला तासन्‌तास टॉपमध्येच चालायचं असतं, म्हणून तिथे हा हिशेब बसला नाही.

यावर कोणीही अभियंता एक आक्षेप घेईल, आणि तो हलका नाही. ट्रकमध्ये सिंक्रोमेश उशिरा आला याचं कारण मालकाचा कंजूसपणा नसून भौतिकशास्त्र आहे, असं तो म्हणेल. ट्रकच्या पेटीतली चाकं जड, क्लचप्लेट मोठी, गिअरांतलं अंतर जास्त. एवढं वजन थोडक्या वेळात आवरायचं म्हणजे कडं मोठं हवं. त्याने पेटी लांब, जड आणि महाग होते, शिवाय कडं झिजतं. हे सगळं खरं आहे. पण युरोपच्या कारखानदारांनी महायुद्धानंतरच्या काही दशकांत हीच अडचण सोडवली. जर्मनीच्या झेडएफसारख्या कंपन्यांच्या सिंक्रोमेश पेट्या तिथल्या जड ट्रकांत सर्रास बसू लागल्या. त्याच काळात अमेरिकेत, तेवढ्याच किंवा त्याहून मोठ्या ट्रकांत, सिंक्रोमेश नसलेली पेटी केवळ टिकली नाही, तर सर्वमान्य झाली. धातू दोन्हीकडे तेच होते आणि भौतिकशास्त्रही एकच होतं. तेव्हा अडचण न सुटणारी नव्हती. ती सोडवायचा खर्च कोणाला परवडतो आणि कोणाला नकोसा वाटतो, एवढाच प्रश्न होता.

अमेरिकेची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे, कारण माझा मुद्दा तिथे अडखळतो. मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावची फुलर कंपनी, जी सुरुवातीला कपडे धुण्याच्या फळ्या बनवत असे, पुढे ट्रकच्या गिअरपेट्यांत शिरली. १९५० च्या दशकात तिची रोडरेंजर पेटी गाजली, १९५८ मध्ये ईटन कंपनीने तिला विकत घेतलं आणि १९६३ मध्ये दोन काउंटरशाफ्टची पेटी आली. एका शाफ्टऐवजी दोन शाफ्टांवर भार वाटून दिल्यामुळे दात आखूड करता आले आणि पेटी आटोपशीर राहून प्रचंड ताण पेलू लागली. पुढे १८ गिअरपर्यंत ही जात वाढली. तिच्या एका प्रसिद्ध नमुन्यात सगळ्यात खालचा गिअर १४.४० प्रमाणाचा आणि सगळ्यात वरचा ०.७३ चा आहे. या पेटीला सिंक्रोमेश नाही. कंपनीचं पुस्तक डबल क्लच करायला सांगतं. रस्त्यावरचे ड्रायव्हर मात्र क्लच फक्त गाडी उठवताना आणि थांबवताना वापरत आणि मधले सगळे गिअर पेडलला पाय न लावता टाकत. गिअर जवळजवळ असल्याने दर वेळी इंजिनाचे फेरे फार बदलावे लागत नसत, म्हणून ते जमतही असे. आता आक्षेप असा: अमेरिकेत स्वतःचा ट्रक स्वतः चालवणाऱ्यांचा मोठा वर्ग होता. तोच मालक, तोच ड्रायव्हर. मग त्याने मोटारवाल्यासारखा सिंक्रोमेश का नाही मागितला?

कारण त्याचा खिसा मोटारवाल्याच्या खिशापेक्षा वेगळा होता. मोटारीचा मालक सोयीसाठी पैसे मोजतो. हा माणूस गाडीवर पोट भरतो. पेटी हलकी असली तर तेवढा माल जास्त, कडी नसली तर झिजण्याची एक जागा कमी, आणि पेडल कमी दाबलं तर क्लच जास्त टिकतो, हे तिन्ही फायदे थेट त्याच्या घरात जात होते. त्या मोबदल्यात त्याला जे द्यायचं होतं, म्हणजे कान आणि सराव, ते त्याच्याकडे फुकट होतं. शिवाय त्या कसबामुळे धंद्याच्या दाराशी एक उंबरठा तयार होत होता, नवखा माणूस सहज आत येऊ शकत नव्हता. मालक आणि ड्रायव्हर एकच असला म्हणजे तो नेहमी सोय निवडतो असं नाही. तो आपला हिशेब स्वतः मांडतो, इतकंच. आणि क्लच न दाबता गिअर टाकण्याची रीत ही या सगळ्या इतिहासातली एकमेव गोष्ट असावी जी ड्रायव्हरांनी कारखान्याच्या पुस्तकाविरुद्ध जाऊन स्वतः ठरवली. जड स्प्रिंगचं ते पेडल दिवसभर दाबणारा गुडघा पुस्तक लिहिणाऱ्याचा नव्हता.

भारतात मालक आणि ड्रायव्हर पुष्कळदा वेगवेगळे होते. युद्धानंतर डिस्पोजलमध्ये निघालेले लष्करी ट्रक, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातले डॉज आणि फार्गो, १९५४ पासून डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला बनणारे टेल्कोचे ट्रक, मद्रासकडचे अशोक लेलँड, या गाड्यांवर आपली मालवाहतूक उभी राहिली. पैसे मालकाचे, गाडी ड्रायव्हरच्या हातात, आणि शेजारी क्लीनर. गाडी धुणं, टायर पाहणं, दोऱ्या आवळणं हे करता करता क्लीनर इंजिनाचा आवाज पाठ करायचा, आणि कधी तरी रात्री रिकाम्या रस्त्यावर त्याच्या हातात स्टिअरिंग यायचं. शाळा हीच. डबल क्लच शिकवणारं पुस्तक नव्हतं, कान उपटणारा उस्ताद होता. या शिक्षणाचा खर्च मालकाने केला नाही. तो क्लीनरने आपल्या नाममात्र मजुरीतून केला, आणि त्या कसबामुळे क्लचप्लेट जास्त टिकली तर वाचलेले पैसे मालकाचे झाले.

जिथे वाचलेले पैसे ड्रायव्हरचे होते, तिथे काय झालं तेही पाहिलं पाहिजे, कारण हा हिशेब नेहमी शहाणपणाकडेच नेतो असं नाही. पुष्कळ ठिकाणी मालक फेरीचा डिझेल-खर्च ठोक देतो आणि उरलेलं ड्रायव्हरला राहतं. म्हणून उतार आला की गिअर काढून गाडी न्यूट्रलवर सोडायची, कोणी तर इंजिनही बंद करायचं. वर्षानुवर्षं घाटांत पाट्या लावूनही ही सवय गेलेली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका अवजड गाडीने अनेक वाहनांना चिरडलं, तेव्हा तपासात इंजिन बंद ठेवून गाडी उतारावर सोडल्याचीच गोष्ट पुढे आली. यात बचत होते हा समजही बहुतांशी चुकीचा आहे. गिअरमध्ये असलेली गाडी पाय न लावता उतरत असेल तर इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं आणि पंप डिझेल जवळजवळ तोडून टाकतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. पण खरा धोका वेग जुळवण्याच्या त्याच जुन्या हिशेबात आहे. समजा दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या २,५०० फेऱ्यांना गाडी ताशी २० किलोमीटर जाते. उतारावर न्यूट्रलमध्ये तीच गाडी ६० वर गेली, तर दुसरा टाकायला इंजिन ७,५०० फेऱ्यांवर न्यावं लागेल, आणि ते अशक्य आहे. म्हणजे गिअर एकदा सोडला की परतीचा रस्ता बंद. मग उरतात फक्त ब्रेक. ते तापून ढिले पडतात, आणि इंजिन बंद असेल तर हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद असतो. ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं, ही घाटातली जुनी शिकवण या गणितावर उभी आहे. ठोक डिझेलच्या हिशेबाने ती मोडली.

क्लचशिवाय गिअर टाकल्याने पेटी खराब होते का, या प्रश्नाचं उत्तरही पेटीवर अवलंबून आहे. सिंक्रोमेश नसलेल्या पेटीत वेग नेमका जुळला तर काही बिघडत नाही, चुकला तर दातांची टोकं गोल होतात. सिंक्रोमेशच्या पेटीत गोष्ट उलटी आहे. तिथलं कडं क्लचप्लेट आणि आतली चाकं आवरण्यापुरतंच केलेलं असतं. क्लच न दाबता गिअर रेटला की त्या कड्याला अख्ख्या इंजिनाचं फ्लायव्हील आवरावं लागतं, आणि ते अकाली झिजतं. भारतात १९८० च्या दशकात जपानी सहकार्याने आयशर-मित्सुबिशी, स्वराज-माझदा, डीसीएम-टोयोटा असे हलके ट्रक आले, पुढे मोठ्या गाड्यांतही सिंक्रोमेश रूढ झाला, तेव्हा जुन्या पेटीवर तयार झालेला हात नव्या पेटीला नकोसा ठरला. यात ड्रायव्हरची चूक काढणं सोपं आहे. नवी पेटी घेताना तिच्याबरोबर नवं शिक्षण विकत घेतलेले मालक शोधावे लागतील.

मग संगणक आला, आणि त्याने कोणाची नक्कल केली हे पाहण्यासारखं आहे. १९९० च्या दशकात स्कॅनियाच्या ऑप्टिक्रूझमध्ये आणि ईटनच्या ऑटोशिफ्टमध्ये क्लचचं पेडल होतं, पण फक्त गाडी उठवायला आणि थांबवायला. मधले गिअर बदलताना संगणक इंजिनाचा जोर क्षणभर उतरवायचा, गिअर काढायचा, फेरे जुळवायचा आणि पुढचा गिअर टाकायचा, क्लचला हातही न लावता. कंपन्यांची पुस्तकं ज्या रीतीला चूक म्हणत होती, तीच अमेरिकन ड्रायव्हरांची रीत कंपन्यांनी यंत्रात घातली. २००१ मध्ये व्होल्वोची आय-शिफ्ट आली, तिच्या मुख्य पेटीत तर सिंक्रोमेशची कडीच नव्हती. कान पुन्हा मिळाला, मग कडं कशाला हवं? लेव्हासॉरच्या काळची आडदांड पेटी परत आली, फक्त तिचा उस्ताद आता एका डबीत बसला.

यावर शेवटचा आक्षेप असा की याने ड्रायव्हरचं भलंच झालं, त्याचे गुडघे वाचले, आणि दणकट पुरुषांपलीकडे हा धंदा खुला झाला. पहिली गोष्ट निर्विवाद आहे. दुसरी तितकीशी नाही. महायुद्धात ब्रिटनच्या एटीएस या महिलांच्या लष्करी दलातल्या स्त्रियांनी लष्करी ट्रक चालवले, १९४५ मध्ये राजकन्या एलिझाबेथनेही त्याच दलात ड्रायव्हर आणि मेकॅनिकचं शिक्षण घेतलं. डबल क्लचला मनगटापेक्षा कान जास्त लागतो. शिवाय भलं झालं म्हणजे भल्यासाठी केलं असं होत नाही. मोठ्या ताफ्यांनी या पेट्या घेतल्या त्या डिझेल वाचावं, क्लच टिकावा आणि थोडक्या दिवसांत शिकवलेला माणूसही गाडीवर बसवता यावा म्हणून. अमेरिकेत आता क्लचचं पेडल नसलेल्या ट्रकवर परीक्षा दिली तर परवान्यावर मॅन्युअल गाडी चालवायची बंदी नोंदली जाते, आणि असे परवाने वाढतच आहेत. भारतात केवळ ड्रायव्हरच्या सुखाची गोष्ट ट्रकमध्ये कशी येते, याचा दाखला वातानुकूलित केबिनचा आहे. ती ग्राहकाच्या मागणीने आली नाही. सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढून नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना ती सक्तीची केली, तेव्हा आली.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, आणि १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर शिवाई ही विजेची बस सुरू झाली. तिच्यात डबल क्लचचा प्रश्नच उद्भवत नाही. डिझेलच्या जड ट्रकांत मात्र गिअर आहेत आणि काही काळ राहतील. संगणकाला एकच गोष्ट जमत नव्हती, ती म्हणजे पुढचा चढ दिसणं. घाट ओळखीचा असलेला ड्रायव्हर वळणाच्या आधीच गिअर उतरवून ठेवायचा. यंत्राला मात्र इंजिन दबल्यावरच कळायचं. २०१२ मध्ये व्होल्वोने आय-सी ही सोय आणली. ट्रक ज्या रस्त्याने जातो त्याचे चढउतार यंत्र साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी गिअर त्याप्रमाणे आधीच निवडतं. पुढे ही माहिती गाड्यांमधून एका सामाईक नकाशात जमू लागली, म्हणजे एका ट्रकने चढलेला घाट दुसऱ्या ट्रकला न चढताच पाठ असतो. तो नकाशा कंपनीच्या मालकीचा आहे.